मांडी घालता येत नसताना पेटी कशी शिकावी? (आणि सायकल सुटल्यावर हाती आलेला कशिदा)

वळणवाट (प्रश्नकर्ती)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण मागचा संदर्भ दिल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पुण्यात राहते, वय 47. गेली सहा वर्षे मी लांब पल्ल्याची सायकल चालवत आहे. ज्यांना ब्रेव्हे हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःचे पंक्चर स्वतः काढत, स्वतःचे खाणेपिणे स्वतः सांभाळत पूर्ण करायचे असते. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. 200 किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास, आणि एकाच हंगामात ही चारही अंतरे पुरी करणाऱ्याला ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. या हंगामात माझ्या पहिल्या तीन झाल्या होत्या, 600 तेवढी राहिली होती. 2027 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचे, 1200 किलोमीटर 90 तासांत, हे मनाशी पक्के केले होते आणि घरच्यांनीही ते मनापासून मान्य केले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाचगणीहून परतताना पसरणी घाटाच्या उतारावर, भर पावसात, एका वळणावर मागचे चाक घसरले आणि मी उजव्या गुडघ्यावर पडले. गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. शस्त्रक्रिया करून ते पिना आणि तारेने बांधले, सहा आठवडे पाय पट्ट्यात सरळ ठेवला आणि आता फिजिओथेरपी चालू आहे. आज, चौदाव्या आठवड्यात, गुडघा 95 अंशांपर्यंत वाकतो. सायकलच्या पॅडलचा पूर्ण फेरा घ्यायला साधारण 110 अंश लागतात असे मला सांगण्यात आले आहे, आणि मांडी घालायला त्याहून बरेच जास्त. हा मांडीचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

पाय पट्ट्यात होता त्या दिवसांत माझे मन फार खराब होते. एके दुपारी सासूबाईंनी, फारसे काही न बोलता, माझ्या हातात सुती कापडाचा एक तुकडा, सुई आणि लाल दोरा दिला. त्या धारवाडच्या आहेत, वय 78. त्यांनी मला कर्नाटकी कशिद्याचा गवंती टाका दाखवला. कापडावर काहीही छापायचे किंवा आखायचे नाही. धागे मोजत जायचे, तीन धाग्यांवरून सुई वर, तीन धाग्यांखालून सुई खाली, आणि नक्षीच्या टोकाला पोहोचलो की त्याच वाटेने परत फिरून मधल्या रिकाम्या जागा भरत यायचे. गाठ कुठेही मारायची नाही. असे केले म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मी शिवणटिपणात कधीच रमले नव्हते, शाळेतही नाही. तरी त्या दिवशी तुळशीवृंदावनाची एक छोटी नक्षी करता करता दिवेलागण झाली आणि माझ्या लक्षात आले की दुपारभर मला 600 ची आठवण आली नव्हती.

त्यानंतर धीर करून वडिलांची पेटी माळ्यावरून काढवली. शाळेत असताना मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत गेले होते. मग दहावी आली आणि पेटीला जे कापड बांधले ते तीस वर्षे सुटले नाही. आता पेटी खाली आहे, हौस आहे, वेळही आहे, पण तिच्यासमोर बसायचे कसे हेच कळत नाही. आपल्याकडे पेटी काय, तानपुरा काय, गोधडी काय, सगळेच मांडी घालून बसलेल्या माणसासाठी आहे असे वाटू लागले आहे.

म्हणून विचारते. खुर्चीवर बसून पेटी शिकलेले कोणी आहे का, आणि त्यासाठी काय काळजी घ्यावी? इतकी वर्षे बंद राहिलेल्या पेटीत आधी काय तपासावे? कशिद्याच्या जोडीला बसल्या जागी करता येईल असे आणखी एखादे हातकाम कोणते?

आणि शेवटचा प्रश्न विचारताना थोडा संकोच होतो. माझे सोबती या पावसाळ्यात घाटांवर जात होते, त्यांचे फोटो येत होते, आणि मी घरी बसून खूश होते, याची मला टोचणी लागून राहिली आहे. आपण सायकलला विसरलो की काय, असे वाटते. त्यातच एका जुन्या मैत्रिणीने प्रेमाने म्हटले, “बरे झाले, तेवढाच वेळ जातो.” तिचा हेतू चांगलाच होता, तरी ते वाक्य मनातून जात नाही, कारण माझ्यासाठी हे वेळ घालवणे नाही. पण पाय बरा झाल्यावर हा आनंद टिकतो का? ज्यांच्या बाबतीत असे घडले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

षड्जपंचम

ताई, मी निवृत्त संगीत शिक्षक आहे. चाळीसेक वर्षे शाळेत आणि घरी पेटी व गायन शिकवले. तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच उत्तर द्यावेसे वाटले, कारण गुडघ्यांमुळे पेटी सोडलेली किती तरी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना ती सोडण्याची काहीच गरज नव्हती.

मांडीचा पेटीशी संबंध बैठकीच्या रिवाजापुरता आहे, वादनाशी त्याचा तसा संबंध नाही. दिंडीत पेटी गळ्यात अडकवून वाजवत चालणारे वारकरी तुम्ही पाहिले असतीलच. तेव्हा हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची घ्या आणि समोर असे टेबल घ्या की पट्ट्यांवर उजवा हात ठेवल्यावर कोपर काटकोनात राहील. जेवणाचे टेबल बहुधा उंच पडते. त्याने खांदा वर उचलला जातो आणि पंधरा मिनिटांत मान धरते. डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे पेटी टेबलाच्या अगदी कडेला ठेवू नका, आणि तिच्याखाली रबराची चटई किंवा घडी घातलेले जाड सुती कापड घाला, नाही तर भाता मारताना पेटी सरकत राहील. उजवा पाय छोट्या स्टुलावर पुढे पसरून ठेवला तरी चालेल. कंबर मात्र खुर्चीच्या पाठीला टेकलेली असू द्या.

आता तुमची पेटी. तीस वर्षे बंद असलेल्या पेटीवर एकदम जोर करू नये. आधी भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि तो किती वेळात आपोआप खाली बसतो ते पाहा. लगेच बसला तर हवा कुठेतरी निसटते आहे असे समजावे: भात्याच्या घड्या फाटल्या असतील, उंदराने चामडे कुरतडले असेल किंवा लाकूड आक्रसून फट पडली असेल. त्यानंतर एकेक पट्टी दाबून पाहा. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर आत कचरा अडकलेला असतो किंवा पावसाळी हवेने लाकूड फुगून पट्टी अडकत असते. सूर वाजतच नसेल किंवा घोगरा येत असेल तर पितळी पत्तीवर धूळ किंवा गंज असतो. पत्तीला स्वतः सुई किंवा ब्लेड लावू नका, तिचा सूर बिघडतो. जाणत्या पेटीवाल्याकडे द्या. वडिलांची पेटी आहे म्हणून सांगतो, खर्च थोडा जास्त आला तरी तीच दुरुस्त करून घ्या. जुन्या पेट्यांचे सूर पुष्कळदा फार गोड असतात.

अभ्यासाचे म्हणाल तर ‘प्रवेशिका पूर्ण’ला जिथे सोडले तिथून सुरुवात करू नका. बोटांना ते आठवेल, पण गळ्याला आणि कानाला आठवणार नाही, आणि या तिघांचे बिनसले की माणूस नाउमेद होतो. आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला आपला सा मानायचा, ते आधी ठरवा. या वयात बायकांना काळी चार किंवा पांढरी पाच साधारणपणे सोयीची पडते, पण गळा काय म्हणतो ते ऐका. पहिले पंधरा दिवस फक्त सा, आणि सा-प. पेटीवर सा धरायचा, त्यात गळा मिसळायचा आणि मिसळला की भाता हळूहळू कमी करत पेटीचा आवाज विरू द्यायचा. मग भूप घ्या. पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध, सगळे शुद्ध, आणि त्यात चुकण्याची भीती कमी. पेटीबरोबर गाणे अवश्य ठेवा, कारण पेटीला मींड काढता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर ती उडी मारते. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके पेटीला दाराबाहेर ठेवले होते. मी आयुष्यभर पेटी शिकवली, तरी ही तक्रार खोटी होती असे म्हणणार नाही. गळ्याने ती उणीव भरून निघते.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तुम्हाला पॅरिसला जायचे होते. हार्मोनियम जन्माला आले ते पॅरिसमध्येच, 1840 च्या दशकात. तिथली पेटी पायाने हवा भरायची होती. ती बंगालमध्ये हातपेटी झाली, मग नाटक मंडळ्यांबरोबर, कीर्तनकारांबरोबर, भजनी मंडळांबरोबर आपल्या गावोगाव फिरली आणि तुमच्या माळ्यावर येऊन थांबली. 2027 ला तुम्ही जरूर जा. तोपर्यंत पॅरिसहून आलेल्या या पाहुणीची विचारपूस करा.

दुपटेवाली

ताई, मी सोलापूरची. सायकल मी बाजारापलीकडे कधी नेली नाही, पण गुडघ्याचे दुखणे काय असते ते मला पुरेपूर माहीत आहे, आणि सुईचेही थोडेफार कळते, म्हणून तुमच्या हातकामाच्या प्रश्नाला उत्तर देते.

गोधडीचा विचार सध्या मनातही आणू नका. तुम्ही म्हणता ते खरे आहे, मोठी गोधडी जमिनीवर अंथरूनच शिवावी लागते. जुनी नऊवार लुगडी एकावर एक पसरायची, चारी बाजू ताणून धरायच्या, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचे. जसजसे आत यावे तसतसे गोधडीवरच बसावे लागते, गुडघ्यावर सरकावे लागते. आमच्या आईच्या पिढीत दोन-तीन बायका समोरासमोर बसून एक गोधडी पंधरवड्यात उठवत असत. मी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत शिवल्या, पुढे गुडघ्यांनी नकार दिला. तेव्हा मला वाटले होते, आता आपले हात रिकामे झाले.

मग मी दुपटी शिवायला लागले. तान्ह्या बाळाचे दुपटे हे गोधडीचेच धाकटे भावंड आहे. लांबी-रुंदी हातभर, थर दोन किंवा तीन, आणि सगळे काम टेबलावर किंवा मांडीवरच्या पाटावर होते. कापड मात्र जुने सुतीच हवे, शंभर वेळा धुतलेले. नवे कापड बाळाला टोचते आणि सुईलाही अडते. साडी आधी कोमट पाण्यात धुवून, खळ पूर्ण काढून, उन्हात वाळवून घ्या. पदर आणि काठ वेगळे काढून ठेवा, काठ कडेला लावता येतो. थर एकावर एक ठेवल्यावर कच्चे टाके मध्यापासून कडेकडे घाला, म्हणजे आतली चुणी बाहेर निघून जाते. पक्का धावदोरा मात्र कडेपासून आत. पुष्कळ नवशिक्या बायका दोन्ही एकाच दिशेने करतात आणि मग दुपट्याच्या पोटात फुगा राहतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा, तुम्हाला पेटीही वाजवायची आहे, बोटाला भोके पडलेली चालणार नाहीत.

तुमच्या कशिद्याबद्दल वाचून फार बरे वाटले. गवंती बसली की सासूबाईंना मुरगी (हाही टाकाच) विचारा, ती पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, तुम्हाला घाट आठवेल. त्यापुढे नेगी आणि मेंथी आहेत. मेंथी फुलीसारखी असते, तिला दोरा जास्त लागतो आणि मागची बाजू गवंतीइतकी सफाईदार दिसत नाही. उजेड भरपूर घ्या. काळ्या कापडावरचा कशिदा सुंदर दिसतो, पण चाळिशी लागलेल्या डोळ्यांना तो सोसत नाही. सुरुवातीला फिक्या, जाड विणीच्या कापडावरच हात बसवा. आणि दर अर्ध्या तासाने सुई कापडात टोचून ठेवा, उठा, चार पावले चाला. नक्षी तिथेच राहते. गुडघा मात्र एका जागी धरला की ताठरतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. टोचणी कसली लावून घेता? आठवडेच्या आठवडे पाय सरळ ठेवून पडलेल्या बाईला एक दुपार आनंदाची मिळाली, ती कोणाकडून हिसकावून घेतली नाही. “वेळ जातो” असे मलाही लोक म्हणतात. माझ्या दुपट्यांत गुंडाळलेली बाळे आता शाळेत जातात आणि त्यांतली दोघे अजून ते दुपटे उशाशी घेऊन झोपतात. वेळ गेला असेल, पण कुठे गेला ते मला दाखवता येते.

घाटमाथा

मी नाशिकचा, वय 52. माझ्या खात्यावर सतरा ब्रेव्हे आहेत. तीन वर्षांपूर्वी खड्डा चुकवताना पडलो आणि डाव्या खांद्याचे कॉलर बोन मोडले. तुमच्यासारखाच काळ मीही काढला आहे, पण माझी गोष्ट सरळ नाही, आणि तुम्ही मोकळेपणाने लिहायला सांगितले आहे म्हणून सगळी लिहितो.

हात झोळीत होता तेव्हा मी तबल्याच्या शिकवणीला जाऊ लागलो. एका हाताने तबला वाजत नाही, म्हणून गुरुजींनी आधी पढंत शिकवली: बोल तोंडाने म्हणायचे आणि चांगल्या हाताने मांडीवर ताल धरायचा. पहिले दोन आठवडे स्वर्गात असल्यासारखे गेले. मग माझ्यातला रँडोनर जागा झाला. रोज किती मिनिटे रियाज झाला ते मी वहीत लिहू लागलो, आठवड्याची बेरीज करू लागलो, मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्के जास्त झाले पाहिजे असे ठरवू लागलो. तिसऱ्या महिन्यात माझी बेरीज उत्तम होती, पण बोलांत गोडी राहिली नव्हती, आणि एक दिवस मी शिकवणीला गेलोच नाही. पुढे वर्षभर गेलो नाही.

पुन्हा सुरुवात केली ती सायकल पूर्ववत चालू झाल्यावर, आणि या वेळी वही घेतली नाही. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: धागे मोजा, मात्रा मोजा, पण मिनिटे मोजू नका. धागे आणि मात्रा त्या कलेच्या आतले मोजमाप आहे, ते चुकले तर नक्षी चुकते, सम (तालाची पहिली मात्रा) चुकते. मिनिटांचे मोजमाप आपण बाहेरून, दुसऱ्या एका आयुष्यातून आणून त्याच्यावर लादतो. षड्जपंचम काकांनी ‘पंधरा दिवस फक्त सा’ असे सांगितले आहे, त्याबद्दल आदर राखून सुचवतो की सायकलवाल्या माणसाला दिवसांचा आकडाही देऊ नये. तो सोळाव्या दिवशी सकाळी सहा वाजता भूप उघडून बसेल.

आनंद टिकतो का, याचे खरे उत्तर असे की तो आकार बदलतो. सायकल सुरू झाल्यावर माझा तबला रोजचा राहिला नाही, आठवड्यातून दोनदाच होतो. पण आता लांब चढावर माझे पाय मनातल्या मनात तीनतालाशी, सोळा मात्रांच्या तालाशी, बोलत असतात. पूर्वी मी मिनिटाला 80 फेरे पडतात की नाही ते यंत्रावर बघत असे. आता ठेका धरतो आणि लय उतरली की मला ती ऐकू येते. ही गोष्ट मला अपघाताआधी साध्य नव्हती.

एक उपयोगाची युक्ती सांगतो, फिजिओथेरपिस्टना विचारूनच करा. वाटीच्या दुखापतीत मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो आणि तो आवळून धरायचा कंटाळवाणा व्यायाम सगळ्यांनाच देतात. तो तीनतालात करा. मात्रा साधारण सेकंदाला एक. समेवर आवळायचा, ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा’ अशा आठ मात्रा धरून ठेवायचा, नवव्या मात्रेला ‘खाली’ (तालाचा हलका भाग) आली की सोडायचा आणि ‘धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ म्हणत पुढच्या समेपर्यंत सैल ठेवायचा. खालीच्या भागात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) भरलेला आवाज जातो आणि पायातला ताणही तिथेच जातो. माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यासाठी आम्ही हे केले होते. दहा आवर्तने कधी होतात ते कळत नाही.

आणि सायकलवर परत जाल तेव्हा हातांकडे लक्ष ठेवा. लांब राइडमध्ये हँडलवर तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने भार देऊन बसायची आपल्यापैकी पुष्कळांना सवय असते. तिथून जाणारी नस दबली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात आणि कधी कधी ते बरेच दिवस राहते. पूर्वी तुम्ही ते अंगावर काढले असते. आता त्या दोन बोटांना पेटीवर आणि सुईवर काम आहे. जाड हातमोजे घाला, पकड बदलत राहा, हँडल थोडे वर घ्या.

पायपेटी

वरच्या उत्तरांत एक गोष्ट राहून गेली म्हणून चार ओळी.

षड्जपंचम काकांनी पायाने हवा भरायच्या पेटीचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे तो प्रकार पूर्णपणे गेला नव्हता. संगीत नाटकांत साथीला ऑर्गन असे, बालगंधर्वांच्या गाण्यामागचा तो भरदार, थोडा ओलसर वाटणारा सूर त्याचाच. वादक स्टुलावर बसतो, दोन पॅडल्स पायांनी आलटून-पालटून दाबत राहतो आणि दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे राहतात. बहुतेक ऑर्गनमध्ये भाता हवा बाहेर ढकलत नाही, पत्त्यांमधून आत ओढून घेतो, त्यामुळे सुराचा काठ हातपेटीपेक्षा मऊ येतो. माझ्या आजोबांकडे असा एक होता, चार माणसांशिवाय तो हलत नसे, आणि लहानपणी त्याच्यासमोर बसले की माझे पाय पॅडलपर्यंत पोहोचत नसत.

असा ऑर्गन तुम्हाला सहजासहजी मिळेल असे नाही. पण 95 अंश वाकणाऱ्या गुडघ्याने, मुख्यतः घोट्याच्या हालचालीवर, स्टुलावर बसून वाजवण्याचे वाद्य मराठी संगीतात होते आणि काही संगीत नाटकांच्या प्रयोगांत अजूनही दिसते, एवढे तुम्हाला माहीत असावे म्हणून लिहिले.

वळणवाट (प्रश्नकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी काही करून पाहावे आणि मग उत्तर द्यावे असे वाटले.

पेटी दुरुस्त होऊन आली. भात्याच्या दोन घड्या फाटल्या होत्या आणि आत एका कोपऱ्यात उंदराने माझ्याच जुन्या स्वरलिपीच्या वहीचे कागद नेऊन घरटे केले होते. पेटीवाल्यांनी ते कागद फेकले नाहीत, पिशवीत घालून परत दिले. एका तुकड्यावर माझ्या शाळकरी अक्षरात भूपाचा आरोह होता. काका, तुमचे म्हणणे खरे ठरले, सूर गोड आहेत. आणि घाटमाथा यांचेही खरे ठरले, कारण मी सोळाव्या नव्हे, अकराव्या दिवशीच भूप उघडला. एका वेगळ्या वहीत मी कशिद्याचे किती टाके झाले ते लिहून ठेवत होते, हे मी मूळ प्रश्नात लिहायचे टाळले होते. ती वही आता सासूबाईंना नक्षी काढायला दिली आहे.

तीनतालातला व्यायाम फिजिओथेरपिस्टना दाखवला, त्यांनी करायला परवानगी दिली. गुडघा आता 104 अंशांवर आहे. दुपट्यासाठी आईच्या दोन साड्या धुवून वाळवल्या आहेत, अजून कात्री लावायचा धीर झालेला नाही. दुपटेवाली ताई, जुन्या साडीला कात्री लावण्याआधी तुम्ही काय करता, ते जमल्यास जरूर लिहा.

टेबलाचा प्रश्न मात्र घरातच सुटला. जेवणाचे टेबल उंच, अभ्यासाचे अरुंद. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “माझे मशीन आहे की.” त्यांचे जुने पायाचे शिलाई मशीन माजघरात उभे असते. वरचा भाग आत दुमडून झाकण टाकले की सपाट फळी होते, आणि खुर्चीवर बसल्यावर तिची उंची कोपराला नेमकी येते. रबराची चटई घालून त्यावर पेटी ठेवली. मशीनचा पट्टा आधीच काढलेला असल्यामुळे खालची पायपट्टी मोकळी फिरते. काल संध्याकाळी सा धरून बसले होते, गळा मिसळतो आहे का याकडे सगळे लक्ष होते. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, दारात थांबल्या आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या. दोन्ही पाय पायपट्टीवर होते आणि ती हलत होती, हळूहळू, माझ्या नकळत, भात्याच्या बरोबरीने.